पत्त्याची चिठ्ठी आधी: सांगली-साताऱ्याहून रशियातल्या स्वस्त शहरात राहायला जाताना

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग सोडून रशियात राहायचं म्हटलं, तर खर्च खरोखरच उतरतो. कझान, पेर्म, इझेव्स्क, उल्यानोव्स्क, चेबोक्सारी, ओरेनबुर्ग अशा शहरांत एका खोलीचं घर मॉस्कोच्या निम्म्या भाड्यात मिळतं, कधी त्याहूनही कमीत. विद्यापीठाचं वसतिगृह तर आणखी स्वस्त. त्यामुळे विट्यापासून वाईपर्यंत घरोघरी कागदपेन्सिल घेऊन फी किती, जेवण किती, भाडं किती हे मांडलं जातं. हा हिशेब सहसा चुकत नाही. चुकतो तो कागदांचा क्रम.

रशियात परक्या माणसाचं सगळं एका चिठ्ठीवर लटकलेलं असतं. तुम्ही कुठल्या पत्त्यावर राहता याची सरकारदरबारी झालेली नोंद म्हणजे ती चिठ्ठी. ती असेल तर वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे होतात, मग विमा क्रमांक, मग सरकारी ऑनलाइन खातं, मग सिमकार्ड आणि बँक. एक कडी सुटली की पुढची अडते. साखळी पुरी व्हायला महिना-दीड महिना धरा आणि तेवढे दिवस रोख पैशांवर काढायची तयारी ठेवा.

शहर कुठलं

भाड्याच्या आकड्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, तिथून बाहेर पडायची सोय. कझानला दुबईमार्गे विमानाने उतरता येतं, मॉस्कोत पाय न ठेवता. मॉस्को-कझान रात्रीची रेल्वेही आहे. ज्या शहरात फक्त मॉस्कोहूनच जाता येतं, तिथे दर खेपेला विमानतळ बदलणं, सामान ओढणं आणि एक रात्रीचा मुक्काम हे भाड्यात वाचलेल्या पैशांतून जातं.

दुसरी, भारतीय वकिलात किती लांब. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कझान आणि येकातेरिनबुर्ग इथे भारताचे नवे वाणिज्य दूतावास सुरू झाले. पासपोर्ट हरवला तर हा फरक कळतो. व्होल्गाकाठच्या शहरांतून कझान गाठणं सोपं, पेर्मकरांना येकातेरिनबुर्ग जवळ.

तिसरी, घड्याळ. कझान मॉस्कोच्या वेळेवर चालतं, म्हणजे आपल्या अडीच तास मागे. पेर्म, ओरेनबुर्ग आणि येकातेरिनबुर्ग फक्त अर्धा तास मागे. घरी आई-वडील नऊला झोपत असतील, तर पेर्मच्या मुलाशी त्यांचं रोज बोलणं होईल. कझानच्या मुलाचे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील आणि तो अजून बसमध्ये असेल.

युक्रेनच्या सीमेलगतचे बेल्गोरोद, कुर्स्क, ब्र्यान्स्क हे प्रांत कितीही स्वस्त असले तरी यादीतून काढा. सीमेपासून दूरच्या शहरांतही ड्रोनच्या धोक्यामुळे विमानतळ काही तास बंद होतात आणि मोबाइलचं इंटरनेट बंद केलं जातं. म्हणून जोडविमानाचं तिकीट काढताना मध्ये भरपूर वेळ ठेवा, आणि फोनमध्ये शहराचा नकाशा आधीच उतरवून घ्या.

मेडिकलला जाणाऱ्यांनी शहराआधी अभ्यासक्रम तपासावा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातलं शिक्षण किमान ५४ महिन्यांचं, इंग्रजी माध्यमातलं, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह हवं. शिवाय नीट पात्रता हवीच. 'पहिली तीन वर्षं इंग्रजीत, पुढे रशियनमध्ये' अशी सोय सांगितली जाते, तिथे थांबा. प्रवेशपत्रावर पूर्ण काळाचं माध्यम लिहून घ्या. एजंटने तोंडी दिलेला शब्द परत आल्यावर परवाना मागताना उपयोगाचा नाही.

निघण्याआधीचे कागद

सुरुवात पासपोर्टपासून. दोन्ही जिल्ह्यांची प्रकरणं पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे जातात. व्हिसा सुरू होतो त्या दिवसापासून पुढे किमान दीड वर्षाची मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा. दोन वर्षांहून कमी उरली असेल तर आधी नूतनीकरण करा. व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं किंवा नोकरी देणाऱ्याचं निमंत्रणपत्र पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं. मध्येच पासपोर्ट बदलला की निमंत्रण नव्याने मागावं लागतं आणि त्यात महिना-दीड महिना जातो.

नावाकडे बारकाईने बघा. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि खाली आईचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि पुढच्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं एकत्र. काहींच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव नसतंच. रशियन कारकुनाला हे कोडं वाटतं. कागदांत तफावत असेल तर ती इथेच दुरुस्त करा, नाहीतर 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र बाकी कागदांसोबत साक्षांकित करून न्या.

गुणपत्रिका आणि जन्मदाखला यांच्यावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का. दोन्ही देश अपोस्टिलच्या करारात असल्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. भाषांतर मात्र इथे करू नका. रशियातला नोटरी तिथल्या भाषांतरकाराची सही प्रमाणित करतो. पुण्या-मुंबईत केलेलं रशियन भाषांतर तिथे बहुतेक वेळा बाजूला ठेवतात आणि खर्च दुप्पट होतो.

नव्वद दिवसांहून जास्त राहायचं तर एचआयव्ही चाचणीचा दाखला व्हिसा अर्जासोबत लागतो. त्यावर पासपोर्ट क्रमांक लिहिलेला हवा. गावच्या लॅबचा छापील रिपोर्ट तेवढ्यासाठी परत येतो.

व्हिसाबद्दल एकच ताकीद. ई-व्हिसावर जास्तीत जास्त ३० दिवस राहता येतं आणि तो शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या व्हिसात बदलून मिळत नाही. 'आत्ता ई-व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका. विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या निमंत्रणावर सुरुवातीला साधारण तीन महिन्यांचा, एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळतो आणि तिथे गेल्यावर विद्यापीठ तो वाढवून घेतं. या पहिल्या तीन महिन्यांत देशाबाहेर पडलात तर परत आत येता येत नाही. दिवाळीला घरी यायचं तिकीट आधीच काढून ठेवलेल्यांना हे फार उशिरा कळतं.

पैसे कसे न्यायचे

मार्च २०२२ पासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. आपलं रूपेही नाही, फोनवरचं यूपीआयही नाही. विमानतळावर उतरल्या क्षणापासून रोख लागते.

परदेशी जाणाऱ्याला परकी चलनाच्या नोटा एका खेपेला ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, असं बँकेतला माणूस सांगेल. रशियासाठी ही मर्यादा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत रशिया आणि स्वतंत्र राष्ट्रकुलातले (सीआयएस, म्हणजे पूर्वीच्या सोव्हिएत संघातले) देश अपवाद आहेत. तिथे जाणाऱ्याला आपल्या वाट्याचं सगळं परकी चलन नोटांत घेता येतं. शाखेतल्या अधिकाऱ्याला हे माहीत नसेल तर परकी चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेत जा. पावती जपून ठेवा. रशियात १०,००० डॉलरपेक्षा जास्त नेत असाल तर सीमेवर लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करावं लागतं.

नोटा शंभर डॉलरच्या, २०१३ नंतरच्या निळ्या पट्टीच्या, कोऱ्या. पेनाची खूण, शिक्का किंवा घडीवर चीर असलेली नोट बँक नाकारते किंवा कमिशन कापते. रुपये तिथे कुणी बदलून देत नाही. विमानतळावर फक्त टॅक्सी आणि जेवणापुरते बदला, बाकी शहरातल्या बँकेत. रस्त्यावरच्या माणसाकडे कधीच नाही.

रक्कम किती? एक रूबल ढोबळमानाने एका रुपयाच्या आसपास. प्रांतांतल्या शहरांत एका खोलीचं घर साधारण २० ते ३० हजार रूबल, तेवढीच अनामत, वर एजंटचं कमिशन. म्हणजे पहिल्याच दिवशी अडीच-तीन महिन्यांचं भाडं हातातून जातं. त्यावर दोन महिन्यांचा किराणा, तपासणीचे पैसे, भाषांतरं आणि हिवाळी बूट-जॅकेट. वसतिगृहात राहणाऱ्याला याच्या निम्म्यात भागतं. पहिल्या वर्षी वसतिगृहच घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण भाडं नाही, पत्ता आहे.

सीमेवरचा कागद आणि पत्त्याची चिठ्ठी

पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर मायग्रेशन कार्ड मिळतं, बहुतेक वेळा छापूनच. हातात आल्यावर तिथल्या तिथे दोन गोष्टी वाचा: नावाचं स्पेलिंग आणि येण्याचा हेतू. शिकायला आलेल्याच्या कार्डावर 'उच्योबा' हवं, कामाला आलेल्याच्या 'राबोता'. 'तुरिझ्म' लिहिलं असेल तर खिडकी सोडू नका, तिथेच बदलून घ्या. शहरात गेल्यावर हे दुरुस्त होत नाही आणि व्हिसा वाढवताना नेमकं यावर बोट ठेवलं जातं.

आता चिठ्ठी. रशियात आल्यापासून कामाच्या सात दिवसांत तुम्ही जिथे उतरलात त्या पत्त्यावर नोंद व्हावी लागते. ती तुम्ही स्वतः करत नाही. तुम्हाला ठेवून घेणारा करतो. वसतिगृहात विद्यापीठ, हॉटेलात हॉटेल, भाड्याच्या घरात घरमालक. मालकाने आपला पासपोर्ट, घराच्या मालकीचा कागद, आणि तुमचा पासपोर्ट, व्हिसा व मायग्रेशन कार्ड यांच्या प्रती घेऊन 'एमएफसी' केंद्रात जायचं. आपल्याकडच्या सेतू केंद्रासारखी ही जागा. पाटीवर 'मोई दोकुमेंती' लिहिलेलं असतं. तिथे एक फॉर्म भरला जातो आणि त्याचा खालचा भाग शिक्का मारून फाडून तुम्हाला देतात.

हा फाटका कागद म्हणजेच चिठ्ठी. साध्या पांढऱ्या कागदाचा अर्धा तुकडा, त्यावर नाव, पत्ता, 'या तारखेपर्यंत' अशी मुदत आणि शिक्का. दिसायला रेशन दुकानाच्या पावतीइतकाच मामुली. पण रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर पासपोर्टनंतर हाच मागतात. फोटो काढून दोन ठिकाणी पाठवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात पासपोर्टमध्ये ठेवा. बर्फात भिजलेल्या खिशात शाई उतरते. मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि तिच्या तीन आठवडे आधीची आठवणही.

नेमकं इथेच जास्त घोटाळे होतात. बरेच घरमालक भाडं घेतात पण नोंद करायला तयार नसतात. कर चुकवलेला असतो किंवा कटकट नको असते. घर बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नाही, 'रेगिस्त्रात्सिया कराल का?' हा विचारा. नाही म्हटलं तर उठा. 'नोंदणी करून देतो' अशा जाहिरातींवर पैसे देऊन दुसऱ्याच पत्त्याची चिठ्ठी घेऊ नका. बनावट पत्ता देणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, आणि पत्ता खोटा निघाला की तुमची नोंद रद्द होते. मुदत चुकवली तर २ ते ५ हजार रूबल दंड, सोबत देशाबाहेर काढण्याचा आदेशही होऊ शकतो. फेब्रुवारी २०२५ पासून कायदेशीर मुक्काम संपलेल्यांची वेगळी यादी ठेवली जाते. त्यात नाव गेलं की बँकेचे व्यवहार, गाडी चालवणं, लग्नाची नोंद, सगळं थांबतं. ही यादी गृहखात्याच्या संकेतस्थळावर तपासता येते. महिन्यातून एकदा तपासा. कारकुनी चुकीनेही नाव जातं.

वसतिगृहाचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच. विद्यापीठाच्या परदेशी विभागात पहिल्या-दुसऱ्या दिवशीच कागद दिले की नोंद आपोआप होते.

साखळीतल्या पुढच्या कड्या

चिठ्ठी मिळाली की आधी पासपोर्टचं नोटरी केलेलं रशियन भाषांतर करा, तीन-चार प्रती. इथे एका अक्षराकडे डोळ्यात तेल घालून बघायचं. 'जाधव' हे आडनाव एक भाषांतरकार 'द्झाद्खाव' लिहील, दुसरा 'द्झादाव'. व्हिसावर रशियन लिपीत जे छापलंय तेच सगळीकडे हवं. भाषांतरकाराकडे व्हिसाची प्रत द्या आणि 'अगदी असंच' म्हणून बोट ठेवून दाखवा. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर बँकेच्या संगणकाला ही दोन माणसं वाटतात, आणि मग सगळी वरात पुन्हा पहिल्या दारापासून.

वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे पहिल्या ३० दिवसांतच उरका. तपासणीत छातीचा एक्स-रे, रक्त, एचआयव्ही, सिफिलिस, कुष्ठरोग आणि अमली पदार्थांची चाचणी असते. भारतातून आणलेला एचआयव्ही दाखला इथे चालत नाही. दवाखान्यात बुटांवर चढवायची निळी प्लास्टिकची पिशवी लागते, तिला 'बाखिली' म्हणतात. दारातल्या यंत्रातून काही रूबलला मिळते.

मग 'स्निल्स', म्हणजे सामाजिक विम्याचा क्रमांक, एमएफसीतूनच. त्यानंतर 'गोसुस्लुगी' हे सरकारी खातं; आधार आणि डिजिलॉकर एकत्र केल्यासारखं. परक्या माणसाने ते एमएफसीत किंवा बँकेत समोर बसून उघडून आणि पक्कं करून घ्यावं. मग बँकेत चेहरा आणि आवाज यांची बायोमेट्रिक नोंद. एवढं झाल्यावर सिमकार्ड.

हो, सिमकार्ड इतकं उशिरा. १ जानेवारी २०२५ पासून परदेशी माणसाला सिम फक्त कंपनीच्या अधिकृत दुकानात, स्निल्स, गोसुस्लुगी आणि बायोमेट्रिक नोंदीवरच मिळतं, आणि ते तुमच्या फोनच्या आयएमईआय क्रमांकाला बांधलेलं असतं. फोन बदलला की पुन्हा दुकानात जायचं. स्टेशनबाहेर विनाकागद सिम विकणारा दिसेल. ते दुसऱ्याच्या नावावरचं असतं, कधीही बंद पडतं, आणि त्यावरून कुणी फसवणूक केली असेल तर पोलीस तुमच्याकडे येतात.

म्हणून आपलं भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा. घरच्या बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. पण परदेशी सिम रशियाच्या जाळ्यात आलं की पहिले २४ तास इंटरनेट आणि एसएमएस बंद राहतात. उतरल्यावर टॅक्सी ॲपने बोलवू, वाटेत घरी मेसेज करू, हे बेत कोलमडतात. वसतिगृहाचा पत्ता रशियन लिपीत कागदावर छापून न्या, आणि घरी सांगून ठेवा की एक दिवस संपर्क झाला नाही तर घाबरू नका.

घरच्यांशी बोलणं हा वेगळाच विषय. फेसबुक आणि इन्स्टाग्राम २०२२ पासून बंद आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सॲप व टेलिग्रामवरचे कॉल रोखले गेले. जाण्याआधी दोन-तीन वेगवेगळी ॲप्स आई-वडिलांच्या फोनवर घालून त्यांना शिकवा. एकावर विसंबू नका.

बँकेचं खातं शेवटी. पासपोर्टचं भाषांतर, व्हिसा, मायग्रेशन कार्ड, चिठ्ठी, रशियन मोबाइल क्रमांक. खात्यासोबत रशियाचं स्वतःचं 'मीर' कार्ड मिळतं आणि तिथून आयुष्य सोपं होतं. तरी पाच-सात हजार रूबल रोख खिशात असू द्या. मोबाइल इंटरनेट बंद असलं की छोट्या दुकानातलं कार्डाचं यंत्रही बंद पडतं.

भाड्याचं घर

दुसऱ्या वर्षापासून मुलं दोघं-तिघं मिळून घर घेतात. जाहिराती 'अवितो' आणि 'त्सिआन' या संकेतस्थळांवर. तिथली मोजणी वेगळी आहे: 'अदनूश्का' म्हणजे एक खोली, वेगळं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, आपल्या वन-आरकेपेक्षा मोठं, वन-बीएचकेपेक्षा लहान. 'ख्रुश्चोव्का' म्हणजे १९५०-६० च्या दशकांतल्या पाच मजली इमारती. स्वस्त, लिफ्ट नाही, स्वयंपाकघर दोन माणसं एकमेकांना धडकतील एवढं. पण बहुतेक वेळा गॅसची शेगडी असते. भाकरी थापणाऱ्याने हे लक्षात घ्यावं, कारण नव्या इमारतीतल्या विजेच्या काचेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही आणि ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. कुकर नेणार असाल तर स्टीलचा, जाड बुडाचा.

काही जाहिरातींत 'फक्त स्लाव्ह लोकांसाठी' असं उघड लिहिलेलं असतं. वाईट वाटतं, पण निदान फोनचे पैसे वाचतात. आधी राहिलेल्या भारतीय मुलांचं घर तसंच पुढे घेणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

करार बहुतेक ११ महिन्यांचा, आपल्यासारखाच, आणि कारणही तेच: वर्षाचा झाला की नोंदणीची भानगड. मालकाला त्याचा पासपोर्ट आणि मालकीचा उतारा दाखवायला सांगा. उतारा त्याने तुमच्यासमोर गोसुस्लुगीवरून काढला तर उत्तम. ज्याला तो काढता येत नाही तो मालक नसण्याचीच शक्यता जास्त. चावी घेताना गार पाण्याचं, गरम पाण्याचं आणि विजेचं मीटर, तिन्हींवरचे आकडे करारावर लिहा आणि फोटो काढा. पाण्याचे मीटर सहसा संडासातल्या छोट्या लोखंडी दारामागे असतात, मोबाइलची बॅटरी मारल्याशिवाय दिसत नाहीत. हे न केल्यास आधीच्या भाडेकरूचं पाणी तुमच्या नावावर येतं. भाड्यात 'झे-का-खा', म्हणजे उष्णता, पाणी, देखभाल यांचं बिल धरलंय की वेगळं, हेही लिहून घ्या. हिवाळ्यात हे बिल फुगतं.

थंडी आणि डबा

सगळ्यांना जानेवारीची भीती असते, पण घरात जानेवारी सुखाचा. शहरभर पाइपांतून गरम पाणी फिरतं आणि खोलीत टी-शर्टवर बसता येतं. त्रास होतो तो सप्टेंबरच्या शेवटी. सलग पाच दिवस सरासरी तापमान ८ अंशांखाली गेल्यावरच ही व्यवस्था सुरू होते. तोवर भिंती गार. एक जाड रजई आणि छोटा हीटर या पंधरवड्यासाठी. उलट उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी गरम पाणी दोन आठवड्यांपर्यंत बंद ठेवतात. तेव्हा पातेल्यात पाणी तापवायचं आणि बादली-तांब्या. आपल्याला काही नवं नाही.

जॅकेट आणि बूट इथून घेऊ नका. महाबळेश्वरच्या थंडीसाठी शिवलेलं जॅकेट उणे वीसला काही कामाचं नाही, आणि इथल्या बुटांचा तळवा बर्फावर काचेसारखा घसरतो. इथून न्यायचे ते आतून घालायचे गरम कपडे आणि लोकरीचे मोजे. मार्चमध्ये भिंतीच्या कडेने चालू नका; छतावरचे बर्फाचे सुळके तेव्हाच कोसळतात.

किराण्यात फार अडत नाही. मूग 'माश' नावाने मिळतात, जिरं 'झिरा', हळद 'कुर्कुमा', कोथिंबीर 'किन्झा', मसूर 'चेचेवित्सा', हरभरा 'नूत'. सुपरमार्केटपेक्षा बाजारातल्या उझ्बेक-ताजिक दुकानदारांकडे ताजं आणि स्वस्त. 'त्वोरोग' आपल्या चुऱ्याच्या पनीरजवळ जातं, 'केफिर' ताकाच्या जागी चालतं, फोडणी मात्र सहन करत नाही, फाटतं. ज्वारीचं पीठ, गूळ आणि कांदा-लसूण मसाला घरून न्यावा लागतो. धान्य-पीठ मिळून पाच किलोंच्या आत ठेवा, पेरणीचं बी नको. मसाल्याला दुहेरी पिशवी आणि वर चिकटपट्टी, नाहीतर तेल झिरपून अपोस्टिल केलेल्या कागदांवर उतरतं. दुबई किंवा शारजाहमार्गे जात असाल तर खसखस अजिबात नको, मसाल्यात कुटलेलीसुद्धा. अमिरातीत तिला पूर्ण बंदी आहे. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलही नको. रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात.

रुग्णवाहिका १०३, सगळ्या संकटांसाठी ११२. बाकी उपचार खासगी विम्यावर, त्यामुळे विमा संपण्याची तारीखही कॅलेंडरमध्ये.

लिपी निघण्याआधी शिका, ३३ अक्षरं आहेत, दोन आठवडे पुरतात. इंग्रजी पीसारखं दिसणारं र, एचसारखं न, बीसारखं व, सीसारखं स. मराठी माणसाला एक फायदा: 'त्स' हा उच्चार हिंदी-इंग्रजीवाल्यांना अवघड जातो, तो आपला 'चमचा'तला च आहे.

नोकरीला जाणाऱ्यांसाठी

भारतीय माणसाला कामासाठी कामाचाच व्हिसा आणि परवाना लागतो, नोकरी देणाऱ्याच्या निमंत्रणावर, आणि तो परवाना ठरावीक प्रांतापुरताच असतो. कझानच्या परवान्यावर पेर्ममध्ये काम केलं तर ते बेकायदा. पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा. पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त विद्यापीठात असताना वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं, पण हजेरी बुडून नाव कमी झालं की व्हिसाही जातो.

आणि ही गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवा. मदतनीस, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक म्हणून नेऊन भारतीय तरुणांना रशियन सैन्यात घातल्याच्या घटना घडल्या आहेत, काही जण आघाडीवर मेले आहेत, आणि भारत सरकारने याबाबत वारंवार इशारे दिले आहेत. न वाचता येणाऱ्या करारावर सही नाही. करारात 'मिनिस्तेर्स्त्वो ओबोरोनी', म्हणजे संरक्षण मंत्रालय, किंवा 'वोएन्नाया स्लुझ्बा', म्हणजे लष्करी सेवा, हे शब्द दिसले तर पगार कितीही मोठा असो, पेन खाली ठेवा. पोलिसांनी धरलं असताना किंवा व्हिसा संपला असताना 'सही कर, सगळं मिटेल' असं सांगितलं जातं. तेव्हा दूतावासाला फोन. तो क्रमांक फोनमध्ये नको, कागदावर.

पहिलं वर्ष संपताना

व्हिसा वाढवायचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान २० दिवस आधी जावा लागतो. विद्यापीठं त्याहून आधी, महिना-सव्वा महिना अगोदर कागद मागतात. त्यासाठी पासपोर्ट जमा होतो आणि तुमच्या हातात फक्त पावती राहते, म्हणून त्या काळातलं विमानाचं तिकीट काढू नका.

जूनमध्ये सुट्टीला घरी येऊन परत गेलात, की सीमेवर नवं मायग्रेशन कार्ड मिळतं आणि जुनी चिठ्ठी मेलेली असते, तिच्यावरची तारीख पुढची असली तरी. वसतिगृहाची खोली तीच, पलंग तोच, तरी नवी नोंद पुन्हा कामाच्या सात दिवसांत. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सगळ्यात जास्त दंड याच एका कारणाने बसतो: सप्टेंबरात उतरायचं, बॅगेतले पेढे वाटायचे, आणि परदेशी विभागात जायचं पुढच्या सोमवारवर टाकायचं.